नात्याचा पुरावा : कागद, रक्त आणि परदेशाची वाट

नाते सिद्ध करणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी ज्याने कधी धावपळ केली आहे, त्याला १० ऑगस्ट १९५० ही तारीख पाठ असते. त्या तारखेपूर्वीचा आजोबा-पणजोबांचा पुरावा शोधायचा, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद काढायची, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करायचे आणि वडिलांकडील रक्तनात्यातील कोणाला वैधता मिळालेली असेल, तर त्याच्याशी असलेले आपले नाते एकेका कागदाने जोडत आणायचे, हे सारे सांगोला तालुक्यातील असंख्य पालकांनी केले आहे. अलीकडे मात्र हाच प्रश्न आणखी एका दारात विचारला जाऊ लागला आहे. ते दार परदेशी दूतावासाचे आहे.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षण घेता यावे म्हणून केंद्र शासनाची शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे. संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांनी ही वाट आणखी रुंद केली. मुलगा वा मुलगी तिकडे स्थिरावते, कालांतराने नागरिकत्व मिळते आणि मग आई-वडिलांना, भावाला, कधी गावाकडे आजीजवळ वाढलेल्या लेकराला नेण्याचा विचार सुरू होतो. अशा वेळी अधिकारी कागद चाळून पाहतो, नावे जुळत नाहीत, तारखा जुळत नाहीत, आणि तो सुचवतो की डीएनए चाचणी करून घ्या. हा शब्द घरात पोहोचला की काय होते, हे मी पालकांच्या तोंडून ऐकले आहे. वडिलांना वाटते, आपल्याला खोटे ठरवले. आईला वाटते, आपल्या चारित्र्यावर बोट ठेवले. दुसऱ्या बाजूला अशीही माणसे भेटतात, ज्यांना वाटते की रक्त दिले की सगळे प्रश्न मिटतात, मग कागद कशाला हवेत? या दोन्ही समजुती दूर व्हाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपले कागद तोकडे का पडतात, ते पाहू. शाळेचे जनरल रजिस्टर हा ग्रामीण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा अतिशय मोलाचा दस्तऐवज आहे, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी मानतो. शिक्षक म्हणून मात्र मला हेही ठाऊक आहे की त्यातील जन्मतारखांवर फार भिस्त ठेवता येत नाही. जून महिन्यात बाप पोराला घेऊन शाळेत येई. जन्मतारीख विचारली तर ‘दुष्काळाच्या साली झाला’ किंवा ‘थोरल्याच्या पाठचा’ असे उत्तर मिळे. मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोहोचतो का ते पाहत आणि १ जून ही तारीख लिहून टाकत. त्यामुळे महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या किती अफाट आहे, हे आपण थट्टेने बोलतो. परंतु एकाच आईची तीन मुले लागोपाठच्या तीन वर्षांत बरोबर १ जूनलाच जन्मल्याचे दाखले ज्या परदेशी अधिकाऱ्यापुढे येतात, त्याला ही थट्टा कळत नाही. त्याला बनावट दिसते.

आईच्या नावाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. माहेरी असलेले नाव लग्नात बदलले जाई. माहेरची गंगू सासरी शालन होई आणि रेशनकार्डावर शालूबाई. जुन्या नोंदींत मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव व आडनाव असे, आईचा उल्लेखच नसे. जिने जन्म दिला तिचेच नाते कागदावर सिद्ध करणे सर्वांत कठीण, ही आपल्या नोंदपद्धतीने करून ठेवलेली विटंबना आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने बालकाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांसाठी ठरवून दिला आहे. हा निर्णय योग्यच आहे, पण त्याचा उपयोग पुढच्या पिढीला होईल.

आडनावांचेही तसेच. कोणी गावावरून ‘कर’ लावले, कोणी धम्मदीक्षेनंतर जुने अवमानकारक नाव टाकून नवे घेतले. एका भावाने बदलले, दुसऱ्याने बदलले नाही. प्रत्यक्ष बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत प्रवेश झाला त्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. १९१३ साली न्यूयॉर्कच्या बंदरावर कोणी त्यांना आंबडव्याच्या एखाद्या सकपाळाशी असलेले चुलत नाते कागदाने सिद्ध करायला सांगितले असते, तर ते सहज जमले असते का?

जन्माच्या जागेचा प्रश्न आपल्या दुष्काळी पट्ट्यात विशेष आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानुसार जन्माची नोंद मूळ गावी होत नाही, तर जिथे जन्म झाला तेथील निबंधकाकडे होते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे बाळंतपण कारखान्याच्या परिसरात कोपीत झाले, तर नोंद व्हायला हवी त्या गावच्या ग्रामपंचायतीत. पंधरा दिवसांनी तळ हलला, नोंद राहून गेली. आटपाडी-खानापूर भागातील सोन्याचांदीच्या गलाईसाठी दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांत मुलाचा जन्मदाखला निघतो तो वेगळ्या लिपीत आणि वेगळ्याच उच्चाराच्या नावाने. यात कोणाची लबाडी नाही. पण अधिकाऱ्याच्या टेबलावर निष्काळजी नोंद आणि खोटी नोंद यांत फरक करणारे काहीच नसते.

कागद नाही म्हणजे माणूस खोटा, हे सूत्र राज्यकारभारात किती टोकाला जाऊ शकते, याचा धडा ब्रिटनच्या इतिहासात आहे आणि तो आपल्याच उपखंडातील माणसांच्या वाट्याला आला. दुसऱ्या महायुद्धानंतर पंजाब, मीरपूर, सिल्हेट या भागांतून हजारो कष्टकरी तिकडच्या गिरण्यांत आणि ओतशाळांत कामाला गेले. ब्रिटनमधील आंबेडकरी समाज प्रामुख्याने पंजाबमधून गेलेला आहे, तो याच स्थलांतराचा भाग. १९६२ आणि १९७१ च्या कायद्यांनी दार अरुंद केले, तरी आधी गेलेल्यांच्या बायकामुलांना येण्याचा हक्क होता. अट एकच होती, नाते सिद्ध करा. मग बायको, मुले आणि नवरा यांच्या वेगवेगळ्या मुलाखती होत. घराला खोल्या किती, विहीर कोणत्या बाजूला, लग्नाला कोण कोण आले होते. दोघांच्या उत्तरांत तफावत आली की अर्ज नामंजूर. खेड्यातल्या दहा वर्षांच्या मुलीने म्हशी तीन सांगितल्या आणि सात वर्षे परदेशी असलेल्या बापाने दोन, तर ती त्याची मुलगी नव्हे! मुलांचे वय ठरवण्यासाठी हाडांची क्ष-किरण छायाचित्रे काढली जात. टीकेनंतर ही पद्धत १९८२ मध्ये थांबली. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या ३५ वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची ती अविवाहित आहे की नाही हे पाहण्यासाठी शारीरिक तपासणी करण्यात आली. वर्तमानपत्राने ते उघड केल्यावर मोठा गदारोळ झाला. पुढे सरकारी कागदपत्रांच्या अभ्यासातून दिसले की अशी तपासणी किमान ८० स्त्रियांची झाली होती, आणि ती मुख्यतः दिल्ली व मुंबई येथील ब्रिटिश कार्यालयांत.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे डीएनए चाचणी प्रथम कोणाच्या बाजूने उभी राहिली, ते कळते. सप्टेंबर १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठातील ॲलेक जेफ्रीस या शास्त्रज्ञाला प्रत्येक व्यक्तीच्या डीएनएमध्ये स्वतंत्र ओळख पटवणारी रचना असल्याचे आढळले. त्यांच्या शोधाची बातमी वर्तमानपत्रात आली. ती एका महिला वकिलाच्या वाचनात आली. तिच्याकडे घानामधून लंडनला आईकडे परतलेल्या एका मुलाचे प्रकरण होते. अधिकाऱ्यांचा संशय होता की हा त्या बाईचा मुलगा नसून भाचा असावा. तिला घानामध्ये बहिणी होत्या. साध्या रक्तगटाच्या तपासणीने दोघांचे काहीतरी नाते आहे एवढे कळले, पण आई की मावशी हे कळेना. वडील हजर नव्हते. जेफ्रीस यांनी आईचे आणि तिच्या निर्विवाद असलेल्या अन्य तीन मुलांचे नमुने घेतले. त्या तिघांमध्ये जे आईकडून आलेले नव्हते ते वडिलांकडून आलेले असणार, या न्यायाने त्यांनी गैरहजर वडिलांची रचना जुळवली आणि वादातील मुलाशी ताडून पाहिली. तो त्याच आई-बापांचा मुलगा ठरला. सरकारने १९८५ मध्ये प्रकरण सोडून दिले. या तंत्राचा जगातील पहिला व्यावहारिक उपयोग गुन्हेगार पकडण्यासाठी झाला नाही, एका लेकराला आईजवळ राहू देण्यासाठी झाला, ही गोष्ट चित्रपटांमुळे लोकांच्या लक्षात राहिलेली नाही.

यानंतर ढाका व इस्लामाबाद येथे प्रायोगिक चाचण्या झाल्या. ज्यांच्यावर वर्षानुवर्षे अविश्वास दाखवला, त्यांतील बहुसंख्य खरेच सांगत होते असे दिसून आले. १९९१ पासून ब्रिटिश सरकारने काही अर्जदारांसाठी स्वखर्चाने चाचणी सुरू केली. पण ज्यांचे अर्ज पूर्वी फेटाळले गेले होते, ती मुले तोवर अठरा वर्षांच्या पुढे गेली होती. नाते सिद्ध झाले, परंतु आता ते मूल राहिले नाही, म्हणून त्यांतील पुष्कळांना प्रवेश नाकारण्यात आला.

आता चाचणी नेमके काय पाहते, ते सोप्या भाषेत मांडतो. आपल्या पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. त्यांतील २३ आईकडून येतात, २३ वडिलांकडून. या गुणसूत्रांवर ठरावीक ठिकाणी अक्षरांचा एखादा लहान गट पुन्हा पुन्हा आलेला असतो. एखाद्या ओवीचे पालुपद कोणी सात वेळा म्हणावे, कोणी बारा वेळा, तसे. एका ठिकाणी किती आवर्तने आहेत, त्याचे प्रत्येक माणसात दोन आकडे असतात, एक आईचा, एक बापाचा. समजा, आईचे आकडे १२ व १५ आहेत आणि मुलाचे १२ व १७. त्यातील १२ आईकडून आला, तर १७ बापाकडून यायलाच हवा. संबंधित पुरुषाचे आकडे ९ व १७ असतील, तर तो बाप असू शकतो. एवढ्यावरून तो आहेच असे होत नाही, कारण १७ हा आकडा गावातील आणखी पुष्कळांचा असेल. म्हणून प्रयोगशाळा अशी पंधरा-वीस किंवा अधिक ठिकाणे तपासते. सर्व ठिकाणी जुळले, तर योगायोगाची शक्यता गुणाकाराने घटत घटत नगण्य होते. दोन-तीनपेक्षा अधिक ठिकाणी जुळले नाही, तर नाते नाही असे ठरते. एखादे ठिकाण न जुळणे मात्र नैसर्गिक बदलामुळेही घडते, अनुभवी तज्ज्ञ त्याचा हिशेब धरतो.

अहवालात ‘९९.९९ टक्के’ असा आकडा असतो. त्याचा अर्थ मूल तेवढे टक्के त्याचे आणि उरलेले दुसऱ्याचे असा नव्हे, हे एका पालकाला मला समजावून सांगावे लागले होते. तो आकडा नात्याच्या खात्रीचा आहे. अमेरिका आई-बाप व मूल या नात्यासाठी किमान ९९.५ टक्के खात्री मागते, कॅनडा ९९.८.

ही खात्री केवळ आई-बाप आणि मूल यांच्याच बाबतीत एवढी पक्की असते. सख्ख्या भावंडांत सरासरीने निम्मा वारसा समान असतो, चुलता-पुतण्या किंवा मामा-भाचा यांच्यात चतुर्थांश, चुलत-मावस भावंडांत अष्टमांश. नाते जितके दूर, तितका निष्कर्ष संदिग्ध. वडील हयात नसतील तर पुरुषांकडून पुरुषांकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी करतात, पण ते बापाचे, चुलत्याचे आणि चुलत भावाचे एकच असते, म्हणून ते घराणे सांगते, बाप सांगत नाही. आपल्या भागात मामाच्या मुलीशी आणि क्वचित भाचीशीही लग्ने होत आली आहेत. अशा घरात चुलता आणि बाप यांच्यातील फरक ओळखणे प्रयोगशाळेला अवघड जाते. ही माहिती लाजेखातर दडवू नये, नमुना देतानाच सांगावी.

प्रत्यक्ष पद्धत कशी असते? अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण विचारणा बहुधा तिथलीच असते. चाचणी सक्तीची नसते. कागद अपुरे वाटले तर मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावास ती सुचवतो, आणि असे सुचवल्याशिवाय आपण होऊन ती करू नये. तिकडील नातेवाइकाने एएबीबी या संस्थेची मान्यता असलेली अमेरिकेतील प्रयोगशाळा निवडायची असते. त्याचा नमुना तिथे घेतला जातो. इकडच्या व्यक्तीसाठी साहित्य प्रयोगशाळेकडून थेट दूतावासाकडे येते. दूतावासाने ठरवून दिलेल्या ठिकाणी, पासपोर्ट पाहून, ओळख पटवून, गालाच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात. सुई नाही, रक्त नाही. लहान मूलही रडत नाही. अहवालही प्रयोगशाळेकडून परस्पर दूतावासाला जातो, मध्ये कोणाच्याही हातात पडत नाही. खर्च अर्जदाराचा आणि नाते सिद्ध झाले म्हणून व्हिसा मिळेलच असे नाही. संकेतस्थळावरची जाहिरात पाहून घरी मागवलेली चाचणी इथे कवडीच्या उपयोगाची नाही. एजंट ‘मी करून देतो’ म्हणाला, तर त्याच्यापासून दूर राहावे.

ब्रिटनमध्ये आज ही चाचणी ऐच्छिक मानली जाते. तिथल्या गृहखात्याने काही अर्जदारांवर, त्यांत गुरखा सैनिकांच्या प्रौढ मुलांवर, ती लादल्याचे उघड झाले, तेव्हा ऑक्टोबर २०१८ मध्ये गृहमंत्री साजिद जाविद यांना संसदेत माफी मागावी लागली. १९८५ साली जे साधन अर्जदाराच्या हातात होते, ते तीस वर्षांत अधिकाऱ्याच्या हातात गेले होते. फ्रान्सने २००७ मध्ये कायद्यात अशी तरतूद केली, परंतु एवढा विरोध झाला की ती अमलात आणण्याचा आदेशच निघाला नाही.

याहून गंभीर प्रश्न कुटुंब म्हणजे काय, हा आहे. २००८ मध्ये अमेरिकेने केनियातील नैरोबी येथे निर्वासित कुटुंबांची चाचणी केली. अर्जात सांगितलेली सर्व रक्तनाती पूर्णपणे जुळली, अशी प्रकरणे २० टक्क्यांहूनही कमी निघाली. योजना बंद पडली, वर्तमानपत्रांनी निर्वासितांना लबाड म्हटले. फसवणूक त्यात होतीच. परंतु न जुळणाऱ्यांत चाचणीलाच न आलेलेही मोजले होते. शिवाय यादवी युद्धात भाऊ मेला, बहीण मेली, तर तिची लेकरे पोटच्या लेकरांसारखी वाढवणे ही तेथील रीत, आणि अशा लेकराला ते ‘माझा मुलगा’ म्हणतात. आपण तरी वेगळे काय म्हणतो? थोरल्या जावेच्या मागे तिची मुले धाकटीने वाढवली, आजोळी भाचा राहिला आणि शाळेत पालक म्हणून मामाचे नाव लागले, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. वसतिगृहाच्या प्रवेश अर्जावर ‘वडील’ या रकान्यात चुलत्याचे नाव लिहिलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्या चुलत्याने बापाची सारी कर्तव्ये निभावली, पण ती गालाच्या पेशीत उतरत नाहीत.

म्हणून दत्तक वा सांभाळलेल्या मुलाच्या बाबतीत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. अर्जात त्याला पोटचे मूल म्हणून दाखवू नये. चाचणीत न जुळल्यास तो खोटेपणा ठरतो आणि पुढील सर्व अर्जांवर त्याची छाया पडते. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, त्यानुसार नोंदणीकृत दत्तकपत्र करता येते. परदेशी नेण्यासाठी तेवढे पुरत नाही. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे ‘कारा’ हिची प्रक्रिया आणि त्या देशाचे नियम पाळावे लागतात. ते वेळखाऊ आहे, तरी वाट तीच.

नाकारणारी चाचणीही कधी उपकारक असते, हे गीता या मुलीच्या प्रकरणात सर्वांनी पाहिले. ऐकू-बोलू न शकणारी ही मुलगी लहानपणी चुकून पाकिस्तानात गेली, कराचीच्या ईधी फाउंडेशनने तिला सांभाळले आणि २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली. बिहारमधील एका कुटुंबाने ती आपली असल्याचे सांगितले. डीएनए जुळला नाही आणि तिला त्या घरी पाठवले गेले नाही. शोध चालू राहिला आणि २०२१ साली तो आपल्या परभणी जिल्ह्यातील एका मातेपर्यंत पोहोचल्याच्या बातम्या आल्या. जिला स्वतःचे गाव सांगता येत नाही, तिला चुकीच्या घरात जाण्यापासून त्या अहवालाने वाचवले.

आपल्या न्यायालयांनी या चाचणीकडे कसे पाहिले, तेही जाणून घेतले पाहिजे, कारण परदेशी कचेरीत सुरू झालेला संशय घरातल्या भांडणात उतरू शकतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११२ सांगते की वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल पतीचेच मानावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच तत्त्व कलम ११६ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले की अशी चाचणी सर्रास मागता येणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये विदर्भातील एका पोटगीच्या दाव्यात मात्र, चाचणी आधीच झालेली आणि निष्कर्ष प्रतिकूल आलेला असल्याने, शास्त्रीय सत्याला कायद्याच्या गृहीतकापेक्षा वरचे स्थान दिले गेले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यातील एका घटस्फोटाच्या प्रकरणात याच न्यायालयाने मुलाची चाचणी करण्यास नकार दिला. आई-बापांच्या भांडणात जो पक्षकारच नाही, त्या बालकाची ओळख आणि खासगीपण पणाला लावता येणार नाही, असा त्याचा आशय. मला हा दुसरा दृष्टिकोन अधिक मानवी वाटतो. व्हिसासाठी चाचणीला होकार देण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी एकत्र बसून, विशेषतः आईला विश्वासात घेऊन बोलावे. एकदा उघडलेला अहवाल परत बंद करता येत नाही. नमुने आणि माहिती कोणी किती काळ ठेवायची, याचे नियम करू पाहणारे डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले होते. स्थलांतराची प्रकरणेही त्याच्या परिशिष्टात होती. जुलै २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले.

एक प्रश्न माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हमखास येतो. या चाचणीने जात सिद्ध होते का? नाही. हे दोघे बाप-लेक आहेत, एवढेच ती सांगते. जात ही पेशीत नसते, ती समाजाने लादलेली आणि कागदावर नोंदलेली गोष्ट आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाच्या मोजमापाचे त्या काळचे आकडे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशभेद नाही. ते मोजमापशास्त्र आज मागे पडले, पण विरोधकांच्याच फूटपट्टीने त्यांचा दावा मोजून तो खोडण्याची त्यांची रीत आजही शिकण्यासारखी आहे. वैधता समितीपुढे रक्तनाते विचारले जाते, ते जातीचा कागद एका नावावरून दुसऱ्या नावापर्यंत पोहोचवण्यासाठी.

तेव्हा चाचणीची वेळ येऊच नये यासाठी काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. जन्मदाखल्यात मुलाचे नाव नसेल तर नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत ते घालता येते, ते घालून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा एकमेव पुरावा ठरला आहे, हे तरुण आई-बापांनी विसरू नये. जुनी नोंद सापडत नसेल तर जन्म झालेल्या गावच्या निबंधकाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावे. दूतावास ते मानतात, पण त्यासोबत दुय्यम पुरावे मागतात. शाळेच्या नोंदीतील चूक विद्यार्थी शाळेत असेपर्यंतच शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने दुरुस्त होऊ शकते, दहावीचा निकाल हातात आल्यावर आमचेही हात बांधलेले असतात. आईचे माहेरचे आणि सासरचे नाव एकाच व्यक्तीचे असल्याचे दाखवण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, ती नसल्यास प्रतिज्ञापत्र आणि नाव बदलाची शासन राजपत्रातील प्रसिद्धी उपयोगी पडते. सातबाऱ्यावरील वारस नोंदीचा फेरफार, जुने रेशनकार्ड, लग्नपत्रिका, परदेशातून आलेली पत्रे, बँकेतून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, सगळ्या वयांतील एकत्र छायाचित्रे, यांतले काहीही टाकून देऊ नये. छायाचित्राच्या मागे तारीख व नावे लिहून ठेवावीत.

आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या शाळेकडेही विचारणा करावी. जनरल रजिस्टर कायमस्वरूपी जतन करायचे असते, त्याचा उतारा केव्हाही मिळतो. त्याच्या जोडीचा प्रवेश अर्ज कपाटात टिकून असेल, तर त्यावर तुम्हाला शाळेत घालायला आलेल्या माणसाची सही किंवा अंगठा असतो आणि त्याखाली कारकुनाने लिहिलेले नाते असते.